दोनशे बारा नावं

स्वरूपाताईंचा फोन आला तेव्हा उत्तरा दिघे नोएडाच्या ऑफिसात डबा गरम करायला निघाली होती. तो डबा टेबलावर तसाच राहिला आणि तिसऱ्या दिवशी सफाईवालीने उचलला.

"उत्तरा, फाटकाशी एक माणूस उभा आहे," स्वरूपाताई म्हणाल्या. एरवी सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज कुजबुजीवर आला होता. "मयुराचा नवरा आहे. इथला पत्ता त्याला कळला कसा?"

"कोणीतरी सांगितला असेल, ताई."

"कोण सांगणार? तिच्या आईलासुद्धा माहीत नाही. पत्ता फक्त तुझ्या त्या नेटवर्कात आहे."

"तिथून बाहेर जाणं शक्यच नाही."

ताईंनी फोन बहुधा खिडकीशी धरला असावा, कारण लांबून एका पुरुषाचा आवाज ऐकू आला. चिडलेला वगैरे नव्हता. लाडातच बोलवावं तसा तो म्हणत होता, "तनू, ए तनू, बाबा आलाय बघ."

उत्तराने फोन ठेवला आणि संगणक उघडला.

गाझियाबादेत वसुंधरामधल्या त्या घराला पाटी नव्हती. गल्लीतले लोक त्याला मुलींचं पीजी समजत आणि घर चालवणाऱ्या स्वरूपाताईंनी तो समज जपला होता. मार चुकवून, घर सोडून आलेल्या बायका तिथे राहत. दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरीदाबाद मिळून संस्थेची अशी सतरा घरं होती. बाई एका घरातून दुसरीकडे हलली की तिचा जबाब, दवाखान्याचे कागद, मुलांचे दाखले तिच्याआधी तिथे पोचायला हवेत आणि दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडता कामा नयेत. हे जमवून द्यायचं काम दोन वर्षांपूर्वी उत्तराकडे आलं होतं. ती मूळची पुण्याची. नवऱ्याच्या, म्हणजे गुणवंतच्या, केंद्र सरकारच्या नोकरीमुळे बारा वर्षं लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये राहत होती.

तिने उभं केलेलं नेटवर्क जरा निराळं होतं. नेहमीच्या इंटरनेटवर एखादी फाइल हवी असेल, तर ती ज्या मशीनवर ठेवली आहे त्या मशीनपर्यंत जावं लागतं. इथे फाइलच्या नावाने हाक मारायची. जवळपास ज्याच्याकडे तिची प्रत असेल तो ती देणार, आणि वाटेत जी जी यंत्रं लागतील ती एकेक प्रत आपल्याजवळ ठेवून घेणार. लाइट गेली, लाइन तुटली, तरी कागद कुठून ना कुठून हाती यायचाच. पण त्यामुळे प्रती गावभर व्हायच्या. कुठली प्रत कोणाच्या माळ्यावर पडली आहे, सांगता यायचं नाही. म्हणून उत्तराने दारांना कुलपं लावायचा नाद सोडून प्रत्येक कागदालाच कुलूप घातलं होतं. फाइल एन्क्रिप्ट होऊनच बाहेर पडायची. ती कोणीही उचलून न्यावी, उघडायची किल्ली मात्र त्या बाईच्या केंद्रापाशीच. खुद्द उत्तरालाही एकसुद्धा फाइल उघडता येत नव्हती, आणि या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

तिने भराभर सगळं तपासलं. किल्ल्या कोणकोणाला दिल्या गेल्या, कधी दिल्या गेल्या, सगळी नोंद होती. मयुरा बर्वेच्या फाइली वसुंधराबाहेर कोणी उघडल्या नव्हत्या.

"कुलूप शाबूत आहे," ती शेजारच्या टेबलावरच्या चैतन्यला म्हणाली आणि तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची पुढे तिला फार लाज वाटली. तिकडे फाटकाशी माणूस उभा होता आणि इकडे ती आपलं कुलूप चाचपून बघत होती.

चैतन्य अमरावतीचा, तिच्याच वयाचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "कुलपाचं सोड. नावं बघ."

नावांना कुलूप नव्हतं. हाक मारायची तर नाव उघडंच असायला हवं, नाहीतर वाटेतल्या यंत्राला काय शोधायचं ते कळणार कसं? फाइलच्या आतलं अक्षरही वाचता यायचं नाही, पण बाहेर स्वच्छ लिहिलेलं असायचं: मयुरा-बर्वे, तनया, दौरे, दवा. मयुराच्या सहा वर्षांच्या मुलीला, तनयाला, दौरे म्हणजे आकडी यायची, तिच्या औषधाचा तो कागद.

करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांवर, तिसऱ्या मजल्यावर, एका कंपनीकडून भाड्याने घेतलेलं मधलं यंत्र होतं. निम्म्या केंद्रांच्या हाका तिथून जात. त्या यंत्राची नोंद चैतन्यने उघडली. गेले नऊ आठवडे, रोज सकाळ-संध्याकाळ, देखभालीच्या लॉगिनवरून कोणीतरी हाकांची यादी काढून घेत होतं, आणि आज सकाळपासून तर दर काही मिनिटांनी. कुठली हाक कुठल्या लाइनवरून आली तेही त्या यादीत होतं. तनयाच्या औषधाची हाक दर सोमवारी सकाळी एकाच लाइनवरून यायची, आणि ती लाइन वसुंधरातल्या एका गल्लीत जाऊन संपत होती.

"त्याने काहीच फोडलं नाही, यार," चैतन्य म्हणाला. "नुसता ऐकत बसला."

वर्षापूर्वी यानेच सांगितलं होतं की नावंही झाकायला हवीत. महिनाभर झाकूनही पाहिली. मग केंद्रांतून तक्रारी सुरू झाल्या. पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरं दिसतात, कोणाची फाइल कुठली कळत नाही, एका बाळाला दुसऱ्याच्या कार्डावरून लस द्यायची वेळ आली होती. उत्तराने नावं पुन्हा उघडी केली आणि अहवालात लिहिलं, नावं झाकण्याचं काम पुढच्या टप्प्यात. पुढचा टप्पा आलाच नाही. आता चैतन्यने त्याची आठवणही करून दिली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती गाडी घेऊन निघाली. नोव्हेंबरचा शेवट, दुपारी दोन वाजताही सूर्य पितळेच्या ताटलीसारखा मळकट दिसत होता. वसुंधरा वीस मिनिटांवर. गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी लावली आणि चालत गेली. चहाच्या टपरीशी मोटरसायकलला टेकून एक चष्मेवाला माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा हातातल्या फोनकडे बघू लागला. त्याच्याजवळून ती न थांबता पुढे गेली.

आत स्वरूपाताई दार धरूनच उभ्या होत्या. "पोलीस येऊन गेला. म्हणाला, घर का मामला है, बाप बच्ची से मिलना चाहता है, इसमें क्या बुरा है. आणि गेला. मागच्या दाराला गाडी लावलीय, फरीदाबादला हलवते दोघींना. पण हा टपरीवरून दोन्ही तोंडं बघतोय. गाडी निघाली की मागे येणार."

मयुरा मागच्या खोलीत होती. तीस-एकतीसची, अंगाने किरकोळ. तनया तिच्या मांडीत डोकं खुपसून बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा मोकळा.

"ताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मयुरा म्हणाली. "यतीन नेटवर्कचंच काम करतो. करोल बागेतली मशिनं त्यांची कंपनी बघते. मी सगळं सांगितलं, यांनी लिहूनही घेतलं."

"घेतलं होतं," स्वरूपाताई उत्तराकडे न बघता म्हणाल्या. "लिहून तुझ्या कुलपात ठेवलं होतं."

उत्तरा भिंतीला टेकली. ती एक ओळ वाचून जिला धोका कळला असता, तिलाच ती वाचता येत नव्हती. बायकांचं गुपित आपल्यापासूनही राखलं म्हणून ती मिरवत होती, आणि तेच असं उलटलं होतं.

"फरीदाबादला पोचल्यावर हिची फाइल उघडाल?" तिने विचारलं.

"उघडावीच लागणार. तनयाला आठ वाजता डोस असतो. डॉक्टरला औषधाची परची हवी."

"मग हाक तिथून जाईल, आणि तासाभरात त्याला फरीदाबादचं घर कळेल. परची हाताने उतरवून घ्या, ताई. कागदावर. यापुढे मयुराच्या कुठल्याच फाइलला कोणी हात लावायचा नाही."

स्वरूपाताई लिहायला बसल्या. उत्तराने चैतन्यला फोन लावला. "सगळं नेटवर्क बंद करता येईल?"

"येईल. पण आज दोघींच्या कोर्टात तारखा आहेत आणि एक बाई बाळंतपणाला दवाखान्यात आहे. त्यांचे कागद कुठून आणायचे? आणि बंद केलं म्हणून तो फाटकावरून हलणार आहे का?"

"मग सगळ्या केंद्रांतून एकदम मयुराच्या नावाने हाका मारू. सतरा जागा दिसल्या की गोंधळेल."

"उत्तरा, म्हणजे सतराही घरं आपणच त्याला दाखवायची?"

ती खाली बसली. आपण काय बोलून गेलो हे तिला उशिरा कळलं. मयुराच्या मांडीवरची पोर आता डोकं वर काढून तिच्याकडे बघत होती. बाहेरून पुन्हा आवाज आला, "तनू, भूक लागली असेल ना? चल घरी."

मयुराने मुलीचे कान दोन्ही हातांनी झाकले. तिचा डावा हात मनगटाच्या वर किंचित वाकडा जुळलेला होता, त्यामुळे तो कानावर नीट बसत नव्हता.

त्या हाताकडे बघता बघता उत्तराला आठवलं, आपल्या घरी एक यंत्र आहे. चाचणीसाठी बसवलेलं, टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, डब्याएवढं. तेही याच नेटवर्कात होतं. त्याची लाइन लक्ष्मीबाई नगरात, तिच्याच दारात संपत होती.

"चैतन्य, माझ्या घरच्या मशीनवरून हाक मार. तनयाच्या औषधाची. मग थांबून दाखल्याची, मग जबाबाची. बाई नव्या जागी आल्यावर मारतात तशी."

"तुझ्या घरून? वेडी आहेस का तू?"

"मार, चैतन्य."

मग तिने गुणवंतला फोन केला. त्याचं ऑफिस घराजवळ होतं. जेवढं सांगणं शक्य होतं तेवढं तिने सांगितलं. तो म्हणाला, "मला न विचारता घराचा पत्ता दिलास?" तिने होय म्हटलं. तो म्हणाला, "बरं. निघतो. आला तर काय करू?"

"दारात उभा ठेवू नकोस, निघून जाईल. आत घे, बसव. या दोघी लांब जाईपर्यंत तो तिथे राहायला हवा. आणि पोलिसांना सांग, पण बायकोचं भांडण म्हणून सांगू नकोस. सरकारी क्वार्टरच्या लाइनवर पाळत ठेवली म्हणून सांग."

तीन वाजून दहा मिनिटांनी पहिली हाक गेली. स्वरूपाताई पडद्याच्या फटीतून टपरीकडे बघत होत्या. पाच मिनिटं गेली. सात. उत्तराला वाटलं, याने ओळखलं. इतका हुशार माणूस असल्या गळाला लागेल कसा? तेवढ्यात ताई म्हणाल्या, "फोन बघतोय... अजून बघतोय... बसला गाडीवर. गेला."

कोणी आनंद केला नाही. मयुराने मुलीच्या पायात दुसरी चप्पल घातली, पिशवी उचलली आणि मागच्या दाराने निघाली. दारात थांबून तिने विचारलं, "तुमच्या घरी कोण आहे, ताई?"

"नवरा."

"त्यांना सांगा, यतीन शांत बोलत असतो तेव्हा सांभाळायचं."

उत्तरा निघाली तोवर मोटरसायकल बरीच पुढे गेली होती. अक्षरधामपाशी गाड्या थटल्या. पुढचा ट्रक हलेना, मागचे हॉर्न थांबेनात. गुणवंत फोन उचलत नव्हता. तिने सहा वेळा लावला. आपल्या चुकीपायी आता हा मरणार, असं तिच्या मनात आलं आणि मग ते जाईना. सातव्यांदा त्याने उचलला आणि अगदी सहज आवाजात म्हणाला, "हं, उत्तरा. आपल्याकडे पाहुणे आलेत. नाशिकचे आहेत. तू ये आरामात."

ती पोचली तेव्हा सव्वापाच झाले होते. यतीन बर्वे तिच्या सोफ्यावर बसला होता. पुढ्यात पाण्याचा पेला, अर्धा प्यालेला. गुणवंत समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांवर, ऑफिसचे बूटही न काढलेला.

"या मॅडम," यतीन उठून म्हणाला. "तुमचं काम फार छान आहे. खरंच सांगतो. तीन आठवडे खटपट केली, एक फाइल उघडली नाही. असं एन्क्रिप्शन मी आमच्या कंपनीतही बघितलं नाही." तो पुन्हा बसला. "पण नावं तुम्ही बाहेर कशी ठेवलीत? माझ्या मुलीचं नाव, तिचा आजार, सगळं उघड्यावर. बाप म्हणून मला किती वाईट वाटलं असेल?"

एवढ्यापुरतं तो खरं बोलत होता.

"मयुराला बोलवा. हवं तर तुमच्यासमोर बोलतो."

"ती इथे नाही."

"हाक इथून आली, मॅडम. तीनदा."

"ती मी मारवली. तुम्हाला इकडे आणायला."

यतीनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. मग खिशातून फोन काढून त्याने तिच्यासमोर धरला. यादी होती. तो बोटाने सरकवत राहिला आणि यादी संपेचना. सलमा, मग तिच्या जुळ्यांच्या लशी. गुरप्रीत, मग गर्भपात. सुमित्रा, मग भाजल्याचे फोटो. प्रत्येकीपुढे लाइनचा क्रमांक.

"दोनशे बारा आहेत," तो म्हणाला. "मला त्यांच्याशी काही घेणं नाही. माझ्या दोघी कुठे आहेत सांगा, मी ही यादी इथेच पुसतो. नाही सांगितलंत तर यातल्या नवऱ्यांना शोधणं काही अवघड नाही. ते बिचारेही शोधतच असतील."

एका पारड्यात मयुरा आणि ती एका पायात चप्पल घातलेली पोर, दुसऱ्यात दोनशे अकरा जणी. आणि तराजू आपल्या हातात दिलाय तो आपल्याच आळसाने. त्या क्षणी फरीदाबादचं नाव तिच्या ओठांवर होतं, हे तिने पुढे गुणवंतला सांगितलं आणि सांगताना ती ढसाढसा रडली.

पण ताईंचा निरोप तिने वाटेतच वाचला होता. फरीदाबादचा बेत बदलला, कुठे ते विचारू नकोस.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आईची शपथ, मला माहीत नाही. आणि मला सांगणारही नाहीत."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती खरं बोलतेय हे त्याला पटलं असावं. तो टीव्हीपाशी गेला, खालच्या कप्प्यातलं यंत्र वायरींसकट उपटलं आणि फरशीवर आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. एक तुकडा उडून उत्तराच्या गालाला लागला. मग यंत्राचा उरलेला भाग हातात घेऊन तो तिच्याकडे वळला, तेव्हा गुणवंतने मागून त्याला कवळ घातली. बावन्न वर्षांचा, गुडघेदुखीचा माणूस. दोघं टीपॉयवर कोसळले. उत्तरा किंचाळत दार उघडायला धावली. जिन्यात कॉलनीचा चौकीदार आणि दोन पोलीस होते.

दुपारी बापाच्या मायेची बाजू घेणारी पोलिसी भाषा संध्याकाळी बदलली. सरकारी वसाहत, अधिकाऱ्याच्या अंगावर हात, यंत्रातून चोरलेली यादी. कलमांवर कलमं लागली. बायकोचा हात मोडल्याचं त्यात एकही नव्हतं. फोन जप्त झाला. त्यातली यादी त्याने आणखी कुठे ठेवली होती का, या प्रश्नावर यतीन नुसता हसला. सहाव्या दिवशी तो जामिनावर सुटला.

त्या सहा दिवसांत उत्तरा आणि चैतन्यने सगळी नावं झाकली. पूर्वी महिनाभरात सोडून दिलेलं ते काम चार दिवसांत झालं, केंद्रांसाठी खऱ्या नावांची वेगळी, कुलूपबंद अनुक्रमणिकाही झाली. म्हणजे हे तेव्हाही करता आलं असतं. पण जुन्या नावांच्या जुन्या प्रती वाटेवरच्या यंत्रांत पडूनच होत्या. त्या माघारी बोलावायची सोयच या नेटवर्कात नव्हती. नव्या फाइलींच्या गर्दीत त्या कधीतरी आपोआप गळून जातील, एवढंच.

नवव्या दिवशी स्वरूपाताईंच्या फोनवरून मयुरा बोलली. ताई तिला भेटायला कुठेतरी लांब गेल्या होत्या.

"तनया बरी आहे," ती म्हणाली. "मला एकच काम आहे. माझं सगळं पुसून टाका."

"मयुरा, पुसता येत नाही. प्रती कुठे कुठे आहेत मलाच माहीत नाही." उत्तराने तिला खोटं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. "एक करता येतं. किल्ली नष्ट करता येते. मग प्रती राहिल्या तरी त्या जगात कोणालाच उघडणार नाहीत. तुलाही नाही. पण त्यात तुझा जबाब आहे. पहिल्या दिवशीचे फोटो आहेत. केस उभी राहिली तर दाखवायला काही उरणार नाही. कुलूप चांगलं आहे, यतीनलाही उघडता आलं नाही. राहू दे ते."

"आज उघडलं नाही. पाच वर्षांनी?"

एके काळी उत्तराने याचं उत्तर छातीवर हात ठेवून दिलं असतं.

"माझ्या हाताचं हाड वाकडं जुळलंय, ताई. कोर्टात ते दाखवीन. बाकी जाळा."

किल्ली नष्ट करायला दोन माणसांची संमती लागे. उत्तराने दिली, चैतन्यने दिली. यंत्राने विचारलं, नक्की? तिने होय दाबलं. मयुरा बर्वेचं सगळं म्हणणं, तिच्या अंगावरचे सगळे वळ, तनयाच्या आकडीचा दोन वर्षांचा इतिहास, पापणी लवायच्या आत कायमचं मुकं झालं. चैतन्य उठून बाहेर गेला. मयुराचा पुन्हा फोन आला नाही. ती कुठल्या गावात आहे हे ताई सांगत नाहीत आणि उत्तराने विचारलंही नाही. यतीनवरची केस चालू आहे, तारखा पडताहेत.

उरल्या दोनशे अकरा. संस्थेच्या अध्यक्षीणबाईंचं मत होतं की बोभाटा करू नये, बायका उगाच घाबरतील, शिवाय मदत देणारे लोक मागे हटतील. उत्तरा म्हणाली, "घाबरायला हवंच त्यांनी. त्यांची नावं एका माणसाच्या हाती लागलीत. हे त्यांना मी सांगणार, नाहीतर मला आजच काढून टाका." बाईंनी तिला काढलं नाही, परवानगीही दिली नाही. तिने केंद्रांकडून नंबर मिळवले आणि रोज सकाळी अकरा ते एक फोन करायला बसू लागली.

चौऱ्याऐंशी जणींचे फोन लागले. कितीतरी नंबर बंद होते. कोणी तिला शिव्या दिल्या, आणि त्या ऐकून तिला बरं वाटलं. गुरप्रीत म्हणाली, "अच्छा, तो अब क्या करूँ? फिर भागूँ?" आणि खरंच उत्तराकडून सल्ल्याची वाट बघत राहिली. एकीने शांतपणे विचारलं, तुमचं स्वतःचं नाव काय? सांगितल्यावर तिने ते दोनदा म्हणून लिहून घेतलं.

सुमित्राचा नंबर तिने एका गुरुवारी लावला. चार महिन्यांपूर्वी सुमित्रा केंद्र सोडून सासरी परत गेली होती, असं नोंदीत होतं. फोन एका पुरुषाने उचलला.

"कौन?"

"सुमित्राजी से बात हो जाएगी?"

"आप कौन बोल रही हैं?"

उत्तराच्या तोंडून निघून गेलं, "गैस एजेंसी से."

पलीकडे फोन हातातून हातात गेला. बाईचा आवाज आला, सपाट. "हाँ जी."

"सुमित्राजी, मैं केंद्र की तरफ़ से... आपका नाम..."

"सिलेंडर नहीं चाहिए," सुमित्रा म्हणाली. मागून तो विचारत होता, काय म्हणतेय? "हमारा कनेक्शन कट चुका है. इस नंबर पर दोबारा मत करना." मग आणखी खाली, जेमतेम ऐकू येईल असं, "बहनजी, हाथ जोड़ती हूँ."

फोन बंद झाला. जिला सावध करायचं तिलाच आपण आज त्याच्या तोंडी दिलं की काय, हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता. परत फोन करता येत नव्हता. कोणाला पाठवताही येत नव्हतं.

पावणेबारा वाजले होते. चैतन्य तिच्या टेबलापाशी आला, यादीवर एकदा नजर टाकली आणि खुर्ची ओढून शेजारी बसला.

"पुढचा मी लावतो," तो म्हणाला. "नंबर सांग."

तिने नकारार्थी मान हलवली. "बाईचाच आवाज हवा," ती म्हणाली, आणि तिने पुढचा नंबर लावला.